पाणी अडवलं, पण त्यात काय अडवलं?

पाण्यासाठी बायकांनी काढलेल्या मोर्च्यांचा इतिहास आपल्या चळवळीला नवा नाही. मुंबईत मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं ते उगाच नाही. तालुक्या-तालुक्यात रिकामे हंडे वाजले, तहसीलदाराच्या दारात फुटले. त्या मोर्च्यांचे प्रश्न दोन होते. पाणी किती मिळणार? आणि ते किती लांबून आणायचं? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि आजही संपलेले नाहीत. पण तिसरा एक प्रश्न आपण फार कमी वेळा विचारला. जे पाणी मिळतं त्यात आहे काय? खेड्यातल्या बाईच्या दृष्टीने हा प्रश्न आता मागे ठेवून चालणार नाही, असं माझं मत आहे. पारोळा तालुक्याच्या निमित्ताने ते मांडते.

पारोळा हा जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडचा, कमी पावसाचा तालुका. जळगाव म्हटलं की बाहेरच्यांना केळीच्या बागा आठवतात. इथे मात्र मुख्यतः पावसावरची शेती आणि कपाशी. बोरी नदी तालुक्यातून वाहते, तामसवाडीला तिच्यावर धरण आहे, पुढे ती अमळनेरवरून जाऊन तापीला मिळते. पाणलोट म्हणजे काय हे इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. वरच्या शेतात पडलेला पाऊस बांध ओलांडून नाल्यात येतो, नाल्यातून नदीत येतो, वाटेत जमिनीत मुरतो आणि खालच्या विहिरीत, हातपंपात उतरतो. म्हणजे वरच्या शेतात जे पडतं त्यातलं काही ना काही खालच्या हंड्यात येतं.

गेल्या काही दशकांत पाणी अडवण्याचं काम खानदेशात पुष्कळ झालं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले रुंद आणि खोल करून पाणी मुरवलं, त्याची राज्यभर चर्चा झाली. २०१४ च्या डिसेंबरात राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान जाहीर केलं. बंधारे झाले, गाळ निघाला, विहिरींना पाणी आलं. त्याचा फायदा बायकांनाही झाला, तो नाकारायचं कारण नाही. पण या साऱ्या कामांचा हिशेब मांडला गेला तो घनमीटरमध्ये. किती पाणी साठलं, पातळी किती वर आली. बंधाऱ्यात येणारं पाणी कपाशीच्या शेतांवरून धुऊन येतं, त्याच्याबरोबर काय मुरतं, हा रकाना त्या हिशेबात नव्हता.

काय मुरतं ते पाहू. पिकाला टाकलेल्या युरियातला निम्मा किंवा त्याहूनही कमी भाग पिकाला लागतो. उरलेला काही हवेत जातो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल सांगतो की देशभरातल्या भूजलाच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत ते जास्त निघालं; महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होतं. याला एकटा युरिया जबाबदार नाही. विहिरीशेजारचा उकिरडा, गोठा, शोषखड्डा यांचाही वाटा असतो. पण ज्या मुलखात पोत्यांनी युरिया पडतो तिथे त्याचं नाव आधी घ्यावं लागतं.

हे नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असल्या पाण्यात कालवलेलं वरचं दूध पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळं पडतं. आता विचार करा, इतक्या लहान बाळाला वरचं दूध कुणाच्या घरी द्यावं लागतं? जिला बाळंतपणानंतर महिन्या-दोन महिन्यांत मजुरीला जावं लागतं तिच्या घरी. रजा नाही, पगार नाही, बाळाला सांभाळायला पाळणाघर नाही. अशा बाईच्या बाळाला पहिला धोका.

आणि आरोग्य खात्याचा सल्ला काय? पाणी उकळून प्या. गाळून घ्या, तुरटी फिरवा, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका. जंतूंसाठी हे सगळं योग्यच आहे. पण नायट्रेट उकळल्याने जात नाही. उलट पाण्याची वाफ होते, नायट्रेट खाली राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. सरपण बाईने आणायचं, चूल बाईने फुंकायची, आणि एवढं करून हा धोका जिथल्या तिथे. घरातलं मूल आजारी पडलं की 'पाणी नीट उकळलं नाहीस का?' हा प्रश्नही तिलाच. शेतात घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वयंपाकघरात येऊन पडते ती अशी.

ज्यांना परवडतं ते जारचं पाणी घेतात किंवा घरात शुद्धीकरणाचं यंत्र बसवतात. भूमिहीन घरातल्या बाईला रोज पाणी विकत घेणं कसं जमणार? शिवाय या यंत्रातून वेगळं काढलेलं दूषित पाणी शेवटी गटारात, नाल्यातच जातं. शिवाराचं पाणी होतं तसंच राहतं.

दुसरी गोष्ट फवारणीची. पंप पाठीवर पुरुषाच्या असतो, म्हणून फवारणी हे पुरुषांचं काम मानलं जातं. पण एकरभर कपाशी फवारायला साधारण २०० लिटर पाणी लागतं. ते पाणी विहिरीवरून, नाल्यावरून आणून ड्रममध्ये ओतायचं काम कितीतरी ठिकाणी बायकांकडे असतं. फवारलेल्या कपड्यांचं धुणं बाईकडे. फवारलेल्या रानात निंदायला, वेचायला बाई. रिकामा डबा विसळून कशालातरी वापरायचा, हेही घरच्या काटकसरीत बसतं. पंप धुतला जातो तो बहुधा पाण्याच्या काठीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात होते. तेव्हा मास्क, हातमोजे यांची पुष्कळ चर्चा झाली. मास्क घातल्याने फवारणाऱ्याचा जीव वाचेल, तो वाचायलाच हवा. पण पाण्याला मास्क घालता येत नाही.

तिसरी गोष्ट तणनाशकाची, आणि ही आपल्या संघटनांनी विशेष लक्ष देण्यासारखी आहे. निंदणी हे बायकांचं काम. दिवसभर वाकून खुरपं चालवण्यात कसलंही सुख नाही, त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण भूमिहीन बाईच्या हातात पावसाळ्यात रोख पैसा येतो तो निंदणीतून. आता तणनाशक मारलं की एका माणसाचं एका दिवसाचं काम, आणि पंधरा बायकांची मजुरी बुडाली. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीच्या वाणाला सरकारी परवानगी नसतानाही त्याचं बियाणं शेतांपर्यंत पोचलं. २०१९ साली अकोला जिल्ह्यात तर शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून आंदोलन केलं. शेतकऱ्याचा हिशेब समजतो. मजुरी वाढली, वेळेवर बाया मिळत नाहीत, कापसाला भाव नाही. पण मजूर बाईच्या बाजूने हिशेब मांडला तर? तिची मजुरी गेली आणि तणनाशकाचा अंश तिच्या पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर आला. नुकसान दोन्हीकडून तिचंच.

इथे आपल्याला ऐकवलं जाईल, 'कारखाने सोडून तुम्ही गरीब शेतकऱ्यावर बोट ठेवता?' तसं करायचं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने कारखान्याच्या पाइपावर बोट ठेवता येतं. शेताला पाइप नसतो. हजार बांधांवरून थोडं थोडं येतं. म्हणून एखाद्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. १९९२ साली सरकारने स्फुरद आणि पालाश खतांचे भाव मोकळे केले, ते वाढले. युरिया मात्र स्वस्त ठेवला. आजही ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. स्वस्त तेच जास्त पडणार. वर सल्ला द्यायला कुणी नाही म्हणून दुकानदारच डॉक्टर, आणि त्याच्याकडे उधारी आहे म्हणून तो देईल ते औषध घ्यायचं. हा दोष धोरणाचा आहे. पण दोष धोरणाचा आहे म्हणून पाणी थांबत नाही, ते खाली येतच राहतं.

मग निर्णय कुणाचा? सातबारावर ज्याचं नाव त्याचा. शेतीचं अर्ध्याहून जास्त काम करणारी बाई कागदावर शेतकरी नाही. काय पेरायचं, काय मारायचं हे तिला विचारलं जात नाही. जमिनीचा हक्क आणि पाण्याची शुद्धता हे दोन वेगळे विषय नाहीत. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात जळगाव जिल्ह्यातल्याच विटनेर गावाने बायकांच्या नावावर जमिनी केल्या. त्याच काळात 'सीताशेती'चा विचार पुढे आला: बाईच्या वाट्याच्या थोड्या जमिनीत बाहेरची खतं-औषधं न आणता घराला लागेल ते पिकवायचं. ही उदाहरणं थोडी आहेत. पण बाईच्या हाती निर्णय दिला तर शेतीची दिशा बदलू शकते, हा विचार खानदेशाला परका नाही.

आपण काय मागायचं? माझ्या मते एक मागणी ठामपणे पुढे आणावी. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताभोवती आणि त्याच्या वरच्या अंगाला एक विषमुक्त पट्टा ठरवावा. हे काही अघटित नाही. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी होती. पाणी पळवू नये म्हणून अंतर ठरवता येतं, तर पाणी नासू नये म्हणून का नाही? या पट्ट्यात रासायनिक फवारणी नाही, पंप धुणं नाही, युरियाचा मारा नाही.

पण त्या पट्ट्यात ज्यांची शेती आहे, त्यांत विधवा असतील, परित्यक्ता असतील, दोन एकरवाले असतील. त्यांनी तोटा का सोसावा? तो गावाने आणि सरकारने सोसावा. जर्मनीतल्या म्युनिक शहराने १९९२ पासून आपलं पाणी जिथून येतं त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना रसायनं न वापरण्यासाठी पैसे दिले. नंतर पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा आधीच नासू न देणं त्यांना परवडलं. आपल्याकडे पाणीपुरवठा योजनांवर कोट्यवधी खर्च होतात. त्यातला थोडा भाग या पट्ट्यासाठी का नको? आणि पट्ट्यातली निंदणी, कंपोस्ट, बांधावरची लागवड ही कामं रोजगार हमीसारख्या योजनेतून काढली तर भूमिहीन बाईची मजुरीही राहील. शेतकरी बाई आणि मजूर बाई यांना एकमेकींसमोर उभं न करणारी मागणी हीच आहे.

यासाठी लागणारी हत्यारं आपल्या हाताशी आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासणीचं शिक्षण आणि संच देण्याची तरतूद केली गेली. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, ते विचारा. संच कपाटात कुलूपबंद असेल तर बाहेर काढायला लावा. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी झाली पाहिजे आणि आकडा चावडीवर, शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा ठराव मांडा. १९९० साली महाराष्ट्रात पंचायतींमध्ये बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या, २०११ साली ५० टक्के झाल्या. त्या खुर्च्यांवरून नळाची तोटी आणि पाण्याची टाकी एवढंच बोलायचं नाही.

पारोळा तालुक्यातल्या बायांना हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. याच तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो गावच्या बायकांनी गट बांधून, गोधड्या शिवून, पैशाचा व्यवहार स्वतःच्या हाती घेऊन केलेल्या कामाचाही गौरव होता. पैशाचा हिशेब ठेवणारी बाई पाण्याचा हिशेबही ठेवील. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी आणखी एक वही उघडा: कोणती विहीर, कोणती तारीख, नायट्रेट किती, वरच्या अंगाला कुणाचं शेत आणि त्यात काय पडतं. चार बैठकांत ती वही भरेल. मग ती घेऊन महिला सभेत जाऊ, तिथून ग्रामसभेत आणि गरज पडली तर जिल्हा परिषदेच्या दारात. या वेळी मोर्च्यात हंडे रिकामे नसतील, भरलेले असतील, आणि अधिकाऱ्याला आपण एवढंच म्हणू: हे पाणी आधी तुम्ही प्या.