तटाच्या आतली आणि बाहेरची सुरत

सुरतेतील मराठी घरच्या मुलास शाळेत केव्हा ना केव्हा एक प्रश्न विचारला जातोच : “तुमच्या शिवाजी महाराजांनी आमची सुरत का लुटली?” मूल तो प्रश्न घरी आणते आणि वडीलधारी मंडळी विषय बदलतात. आमचे सांगणे एवढेच, की विषय बदलू नये. एखाद्या रविवारी मुलास घेऊन चौकबाजारातील किल्ल्यात जावे.

तापीकाठचा हा किल्ला सोळाव्या शतकात खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांपासून शहराच्या रक्षणार्थ बांधला. सुरत महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय मांडले आहे. तेथे उभे राहून मुलास जानेवारी १६६४ची हकीकत सांगावी. शाहिस्तेखानाच्या फौजेने १६६० पासून तीन वर्षे पुणे प्रांत नागविला होता. त्याची भरपाई मोगलांच्या संपन्न बंदरातून करावी, असे महाराजांनी ठरविले. एवढे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढचेही सांगावयास हवे. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला आणि रयत उघड्यावर पडली. विरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकारांची घरे लुटली गेली, वस्तीस आगी लागल्या. स्वारीचे कारण न्याय्य मानणाऱ्यानेही त्या घरांतील माणसांचे दुःख नाकारू नये. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाची आठवणही आपलीच असते.

तथापि केवळ किल्ला पाहून परत फिरलात, तर आपल्या आणि सुरतेच्या संबंधाची अर्धीच कथा हाती येईल. तेथून गोपीपुऱ्याकडे वळावे. आमलीरानात कवी नर्मदांचे ‘सरस्वती मंदिर’ हे घर जीर्णोद्धार करून जतन केले आहे. गुजराती कोशाचे कार्य एकहाती करणाऱ्या आणि विधवाविवाहाचा पुरस्कार प्रत्यक्ष आचरणात आणणाऱ्या या पुरुषाने १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा निश्चय केला होता.

बालपणी नर्मद ज्या दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत शिकले, त्यांच्याबरोबर १८४४ मध्ये सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापन करणाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी व्याकरणकार म्हणून आपण त्यांस ओळखतो. परंतु ते येथे अध्यापक होते, आणि जातिभेद व अंधश्रद्धा यांविरुद्ध गुजराती सहकाऱ्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले होते, हे आपल्यापैकी कितीजण मुलांस सांगतात? सुरतेत आलेला मराठी माणूस घोड्यावरून आला, तसा पाटी-पुस्तक घेऊनही आला.

म्हणून दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहाव्यात, आणि शक्य झाल्यास शेजारच्या गुजराती मुलासही बरोबर न्यावे. प्रश्न त्यानेच विचारला होता. उत्तर दोघांनी मिळून ऐकलेले बरे.