यादी बदलली, जवानांचे काय?

माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात आला आणि त्याने मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक खाली ठेवली, तो दिवस १५ ऑक्टोबर २०२५. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने दिल्लीत नक्षलग्रस्त जिल्ह्यांचे नवे आकडे जाहीर केले. बाधित जिल्हे १८ वरून ११ वर आले, अतिबाधित ६ वरून ३ वर. अतिबाधितांत तेव्हा छत्तीसगडचे बिजापूर, सुकमा आणि नारायणपूर एवढेच उरले. गडचिरोलीचे नाव त्या रकान्यातून गेले. या जिल्ह्याने चार दशके जे सोसले, ते पाहता याचा आनंद व्हायलाच हवा आणि आम्हालाही तो आहे. पण त्या दिवशीच्या भाषणांत आणि पत्रकांत एका प्रश्नाला कुणी हात लावला नाही. केंद्राच्या पैशातून ज्यांना जंगलातल्या लढाईसाठी घडवले, त्या सी-६० च्या जवानांचे यापुढे काय करणार? सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. उत्तर मात्र मिळाले नाही, आणि ते टाळण्याचा सरकारला काहीएक अधिकार नाही.

सी-६० म्हणजे बाहेरून आणून बसवलेली फौज नव्हे. १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवानांचे हे पथक उभे केले, तेव्हा त्यात जिल्ह्यातलीच पोरे घेतली. गोंडी आणि माडिया ही त्यांची घरची बोली. कोणत्या नाल्याला कधी पाणी असते, मोहफुले वेचायला बाया कोणत्या वाटेने जातात, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. राखीव दलाची तुकडी मुदत भरली की निघून जाते. या पोरांना जायला दुसरे गाव नव्हते, आणि वर्दी चढवल्यावर कित्येकांना स्वतःच्या गावीही जाता आले नाही. सणावाराला नाही, घरात मयत झाली तरी नाही. आईबाप धमक्यांखाली जगले, काहींना घरदार, शेत सोडून तालुक्याच्या ठिकाणी यावे लागले. समोरच्या माओवादी दलममध्येही याच जिल्ह्यातली, याच बोलीची पोरे होती. दोन्ही बाजूंनी मेला तो बहुतेक वेळा इथलाच माणूस.

या पोरांना हैदराबादच्या ग्रेहाउंड्स कमांडोंकडे पाठवले, मानेसरला पाठवले, कांकेरच्या जंगलयुद्ध महाविद्यालयात पाठवले, नागपूरजवळ सुराबर्डीच्या केंद्रात घडवले. कांकेरचे महाविद्यालय उभारणारे ब्रिगेडियर बी. के. पोनवार पूर्वी मिझोराममधील व्हैरेंग्टेच्या लष्करी शाळेचे प्रमुख होते. गनिमाशी गनिमासारखेच लढायचे, ही त्या शाळेची शिकवण. गडचिरोलीच्या जवानांनी ती इतकी आत्मसात केली, की आज इतर राज्ये सी-६० चे नाव आदराने घेतात. हे यश खरे आहे. पण ते एकाच कामासाठी मिळवलेले कसब आहे. ते काम संपत आल्यावर त्या कसबाचे आणि ते अंगी बाणवण्यात तारुण्य घालवलेल्या माणसाचे काय करायचे, याचा आराखडा ना दिल्लीने केला, ना मुंबईने.

असे का झाले, हे पैशाच्या वाटेवरून कळते. सुरक्षाविषयक खर्चाची केंद्राची योजना १९९६ पासून चालू आहे. प्रशिक्षण, दारूगोळा, वाहतूक, विमा, शहिदांच्या वारसांना मदत, शरण आलेल्यांचे पुनर्वसन या गोष्टींवर राज्याने आधी खर्च करायचा आणि नंतर केंद्राकडून भरपाई मागायची, अशी ही रीत. जिल्हा यादीत असेल तर पैसे मिळतात. जिल्हा यादीत कशाने येतो? हिंसाचाराने. विशेष केंद्रीय साहाय्याची तऱ्हाही तीच. अतिबाधित जिल्ह्याला वर्षाला ३० कोटी, त्याखालच्या श्रेणीतल्या 'चिंतेच्या' जिल्ह्याला १० कोटी. म्हणजे जवानांनी जीव धोक्यात घालून जिल्हा शांत करायचा आणि शांत झाल्याबरोबर जिल्ह्याचे साहाय्य आटायला लागायचे. जे काम नीट पार पाडले, त्याचीच ही शिक्षा आहे. चंद्रपूर या यादीतून काही वर्षांपूर्वीच बाहेर पडले. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता, जंगल तेच आणि माणसेही तीच. यादीतून नाव गेले म्हणून चंद्रपूरमधल्या जिवतीच्या पहाडावर दवाखाना आणि डॉक्टर आपोआप पोहोचले, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

जवानाच्या घरात हा प्रश्न आणखी जवळ येतो. गडचिरोलीत पोलिसांना दीडपट वेतन मिळते, इतर कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी. या आधारावर घरे बांधली गेली, मुले नागपूर-चंद्रपूरला शिकायला ठेवली गेली, कर्जे काढली गेली. 'नक्षलग्रस्त' हा शब्द शासकीय कागदावरून गेला की हा आधार कधी काढून घेतला जाईल, याची टांगती तलवार आज प्रत्येक पोलीस मदत केंद्रात आहे. ज्याने वीस वर्षे अंगावर मृत्यू वागवला, त्याला आता पगाराच्या चिठ्ठीची भीती वाटावी, ही सरकारला लाज आणणारी गोष्ट आहे.

केंद्र म्हणेल, पोलीस हा राज्याचा विषय, आमचे काम फक्त पैशाचे. हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने एकदा फेटाळला आहे. ५ जुलै २०११ रोजी न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांनी सलवा जुडूम प्रकरणात निकाल दिला. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये, आपल्या सिरोंचा आणि भामरागडच्या समोर, पाचवीपर्यंत शिकलेल्या आदिवासी पोरांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन, महिना ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी केले होते. संख्येची कमाल मर्यादा ठरवणे आणि मानधनाची भरपाई करणे एवढीच आपली भूमिका, असे केंद्राने शपथपत्रावर सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. ज्याच्या पैशावर माणसाच्या हाती बंदूक दिली जाते, त्याच्यावर त्या माणसाची आणि त्या बंदुकीची जबाबदारीही येते, हा त्या निकालाचा गाभा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी याच निकालावरून न्या. रेड्डी यांच्यावर टीका केली. आमच्या मते तो निकाल योग्य होता आणि आज गडचिरोलीला त्याची गरज आहे. सी-६० चे जवान नियमित पोलीस आहेत, त्यांची स्थिती त्या पोरांपेक्षा कितीतरी बरी आहे. पण पैसे देणाऱ्याची जबाबदारी पावतीवर संपत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

हे तत्त्व गुंडाळून ठेवले की काय होते, ते कोलंबियाला विचारा. २००० सालापासून अमेरिकेने 'प्लॅन कोलंबिया'खाली अब्जावधी डॉलर ओतून तिथल्या सैनिकांना जंगलयुद्ध शिकवले. फार्क या बंडखोर संघटनेशी २०१६ मध्ये शांतता करार झाला. जगाने टाळ्या वाजवल्या. बंडखोरांच्या पुनर्वसनाची कलमे करारात होती, सैनिकांचे काय याचा विचार तुटपुंजा होता. चाळिशीत निवृत्त झालेले, अपुऱ्या निवृत्तिवेतनावर घर चालवणारे आणि लढण्याखेरीज दुसरे काही न शिकलेले हे लोक आखाती देशांत, येमेनमध्ये भाड्याने लढायला गेले. ७ जुलै २०२१ रोजी हैतीचे अध्यक्ष जोव्हेनेल मोईज यांची त्यांच्या घरात हत्या झाली, तेव्हा पकडलेल्या संशयितांत कोलंबियाच्या माजी सैनिकांचाच भरणा होता. त्यांतील काहींनी अमेरिकी लष्कराकडून प्रशिक्षण घेतल्याचे पेंटागॉनला कबूल करावे लागले. अलीकडे सुदानच्या यादवीतही कोलंबियाचे माजी सैनिक दिसले आहेत. त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले आणि अमेरिकेने घडवलेले अफगाण कमांडो वाट फुटेल तिकडे गेले. परक्या सरकारने मित्रराष्ट्रातल्या माणसांना लढायला शिकवले, खर्चाचा हिशेब ठेवला आणि माणसांचा ठेवला नाही. गडचिरोलीत पैसा परक्याचा नाही, आपल्याच केंद्र सरकारचा आहे. म्हणून तर हे दुर्लक्ष अधिक संतापजनक आहे.

पैसा देणाऱ्याला वाटले तर तो वेगळेही वागू शकतो. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्ततेसाठी भारतीय सैनिकांनी प्राण दिले, त्याची जाण ठेवून सुदान सरकारने १९४१ मध्ये १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या ७० हजार पौंडांतून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य वास्तू, सुदान ब्लॉक, उभी राहिली. तिथे आजही सैन्याचे अधिकारी घडतात. गडचिरोलीवर झालेल्या खर्चातून जवानासाठी असे टिकाऊ काय उभे राहिले, हे गृह मंत्रालयाने सांगावे.

या जिल्ह्याने दिलेली किंमत पुन्हा सांगावी लागते, कारण दिल्लीला ती लवकर विसरायला होते. २००९ या एका वर्षात १ फेब्रुवारीला मरकेगावात १५ पोलीस गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६ गेले, त्यांत पाच महिला होत्या. ८ ऑक्टोबरला विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर लाहेरीत १७ गेले. तीन ठिकाणी ४८ पोलीस. दहा वर्षांनी, २०१९ च्या महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांचा चालक भूसुरुंगात मारले गेले, तेव्हा ते खासगी गाडीतून जात होते. महागडी प्रशिक्षणे दिलेल्या जवानांना रस्त्याची तपासणी न करता खासगी गाडीत बसवून पाठवले जाते, याला काय म्हणायचे? तेव्हाही खर्चाचे कागद नीट होते. तेव्हाही माणूस कुणी मोजला नव्हता. अशा स्फोटांत, चकमकींत वाचलेले, पाय गमावलेले, कानाने अधू झालेले, रात्री दचकून उठणारे जवान या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या मनाच्या उपचारासाठी कोणत्या योजनेत किती तरतूद आहे?

आता जे मोह सरकारला होतील, तेही सांगून टाकतो. पहिला मोह या जवानांना राज्याबाहेरच्या मोहिमांवर फिरवत ठेवण्याचा. ज्याच्या जिल्ह्यात शांतता आली त्याला शेजारच्या लढाईत ढकलणे हा अन्याय आहे. दुसरा मोह खाणींचा. सुरजागडच्या टेकड्यांवरून लोहखनिज निघू लागले, कोनसरीला पोलाद प्रकल्प आला, शरण आलेल्या अनेकांना तिथे काम मिळाले, हे चांगलेच. पण देशाच्या पैशातून घडवलेला कमांडो उद्या खाणीच्या फाटकावर उभा राहिला आणि त्याच्यासमोर त्याच्याच गावची ग्रामसभा निवेदन घेऊन आली, तर इतक्या वर्षांत पोलिसांनी कमावलेला विश्वास एका दुपारी संपेल. तिसरा मोह जंगलाचा राखणदार म्हणून त्यांना वन विभागाच्या दिमतीला देण्याचा. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, जंगल ग्रामसभेचे आहे हे कायद्याने मान्य करून घेतले. तिथे बंदुकीची गरज नाही.

गरज कशाची आहे, हे गडचिरोली पोलिसांनीच दाखवले आहे. 'पोलीस दादालोरा खिडकी' या उपक्रमातून मदत केंद्रांवर जातीचे दाखले, आधार कार्डे, शेतीच्या योजना, नोकरीचे अर्ज अशी कामे झाली. जिथे तलाठी, ग्रामसेवक पोहोचत नव्हता तिथे गोंडी बोलणारा पोलीस पोहोचला. हीच खरी वाट आहे. या जवानांना गुन्ह्याचा तपास, न्यायवैद्यक, सायबर गुन्हे, महिला-बालकांची प्रकरणे, पुरातील बचाव यांचे तितक्याच इभ्रतीचे आणि तितक्याच खर्चाचे प्रशिक्षण द्या. पर्लकोटा चढली की भामरागड आजही दर पावसाळ्यात तुटते. त्या वेळी दोर टाकून बाळंतिणीला पैलतीरी नेणारा माणूस जंगलयुद्ध शिकलेल्या माणसाइतकाच मोलाचा आहे. फिर्याद गोंडीत ऐकून घेणारा तपास अधिकारी लाहेरीत बसला, तर दलमला पुन्हा पाय ठेवायला जागा मिळणार नाही. ज्या अन्यायांनी १९८० च्या सुमारास तेंदूपत्त्याच्या मजुरीपासून ही चळवळ इथे रुजू दिली, त्यांवर पोलीस ठाण्यात दाद मिळाली असती, तर ४८ घरांचे दिवे २००९ मध्ये विझले नसते.

शरण आलेल्यांच्या बाबतीतही एक पथ्य पाळलेच पाहिजे. छत्तीसगडने शरण आलेल्यांना जिल्हा राखीव दलात घेऊन पुन्हा त्याच जंगलात पाठवले. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूरच्या स्फोटात मेलेल्या जवानांत काही पूर्वाश्रमीचे नक्षलवादीच होते. भूपतीबरोबर आलेल्या पोरापोरींना महाराष्ट्राने ती वाट दाखवू नये. त्यांना हुनर शिकवा, शाळा पूर्ण करू द्या, जमिनीचा सातबारा मिळवून द्या. त्यांच्या हाती पुन्हा बंदूक नको.

केंद्रीय गृहमंत्र्यांनी नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख दिली होती. तारीख ठरवणाऱ्याने १ एप्रिलचाही विचार करायचा असतो. मुख्यमंत्री राज्याचे गृहमंत्री आहेत आणि गडचिरोलीचे पालकमंत्रीही. त्यांनी जिल्ह्यासाठी पुष्कळ धडपड केली हे आम्ही नाकारत नाही, पण या तिन्ही पदांवर एकच माणूस असल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. जिल्हा यादीतून पूर्ण बाहेर पडल्यावर किमान दहा वर्षे केंद्राचे साहाय्य आजच्या दराने चालू राहील, असे त्यांनी दिल्लीकडून लेखी घ्यावे. दीडपट वेतन आणि एकस्तर श्रेणी अचानक काढली जाणार नाही, हा शासन निर्णय काढावा. जखमी जवानांची आणि शहिदांच्या कुटुंबांची गावनिहाय नोंद करून कुणाला काय मिळाले, कुणाचे काय अडले, ते सभागृहात ठेवावे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न लावून धरावा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत सोडू नये.