तुरट लागली म्हणून वाइन वाईट नसते
द्राक्षवाले मित्रांनो, फ्रान्सच्या बोर्दो भागातली, मेदोकची रेड वाइन चाखली. चार वर्षांची. सोबतचे म्हणाले, हिरडा चघळल्यासारखं लागतंय! मला मात्र ती ठेवणीतली वाटली. तो तुरटपणा म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यॉंच्या जाड सालीतलं अन् बियांतलं टॅनिन. मणी बारीक, त्यामुळं रसाच्या मानानं साल जास्त. टॅनिन अन् आंबटपणा, या दोन्हींच्या जोरावर वाइन बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. पुढं तुरटपणा मऊ पडतो, गाळ तळाला बसतो, जांभळट रंग विटकरी होतो.

पण नुसतं तुरट असून भागत नाही. घोट गिळल्यावर फळाची चव मागं राहते का, ते बघायचं. इथं जांभळासारखी चव बराच वेळ जिभेवर होती. ती नसती तर बाटली ठेवून काय उपयोग?

आपल्याकडं वाइन द्राक्ष तोडताना सगळ्यांचं लक्ष ब्रिक्स मीटरवर. फेब्रुवारी-मार्चात ऊन तापलं की साखर भराभर चढते, आम्लता उतरते, बी मात्र कच्ची राहू शकते. मीटर लावाच, पण दोन-चार बिया चावूनही बघा. पिकलेली तपकिरी बी दाताखाली कटकन फुटते, हिरवी नुसती कडू लागते.