जालना-सोलापूरचा हातपंप

आफ्रिकेतल्या खेड्यांत आरोग्य आणि स्वच्छ पाण्याच्या कामासाठी चर्चची पथकं जातात, तेव्हा अनेक विंधनविहिरींवर त्यांना ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप दिसतो. त्याचं मूळ आपल्या मराठी मुलखातलं आहे. जुने बिडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले. अख्ख्या गावाचा दिवसभराचा उपसा त्यांना सोसवत नसे. जालना आणि सोलापूरकडे दुष्काळी भागात काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी पोलादी, दणकट पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरून पुढे १९७०च्या दशकात, युनिसेफच्या मदतीने, ‘मार्क टू’ तयार झाला. दान देऊन परतण्यापेक्षा टिकणारी वस्तू मागे ठेवणं मला अधिक मोलाचं वाटतं.

असं काम आपल्यालाही करता येईल. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारे आपल्यापैकी कितीतरी जण खानदेशातून आलेले. मे महिन्यात गावी जाल तेव्हा बंद पडलेला हातपंप पाहून पुढे जाऊ नका. ग्रामपंचायतीत तक्रार नोंदवा, वर्गणी काढा आणि गावातल्याच दोघा-तिघांना दुरुस्ती शिकण्याची सोय करून द्या.