पाऊस किती, यापेक्षा किती वेळात?

पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकाची नोंद घेतली जाते. आदल्या चोवीस तासांत साठलेले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि मिलिमीटरचा आकडा लिहायचा, ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. धरणात किती पाणी आले, पेरणीपुरती ओल झाली का, हे त्या आकड्यावरून कळते. पनवेलमधील एखाद्या वस्तीत पाणी शिरेल का, हे मात्र कळत नाही.

समजा, दोन वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी १२० मिमी पाऊस झाला. दोन्ही दिवसांची नोंद ‘अतिमुसळधार’ अशीच होईल. पण एका दिवशी तो चोवीस तास संथपणे पडला, तर तासाला सरासरी ५ मिमी झाला. दुसऱ्या दिवशी तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला, तर वेग झाला तासाला ६० मिमी. पहिल्या दिवशी गटारे वाहत राहतील, दुसऱ्या दिवशी तीच गटारे रस्त्यावर पाणी फेकतील. शहराला बुडवतो तो पावसाचा हा वेग, म्हणजेच तीव्रता.

२६ जुलै २००५ रोजी हा धडा सगळ्या कोकणपट्टीने घेतला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्यातील बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत पडला. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यात मात्र जेमतेम ७३ मिमी नोंदला गेला. एका केंद्राच्या आकड्यावर शेजारच्या गावाचा भरवसा ठेवता येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले आणि दर पंधरा मिनिटांची नोंद मिळू लागली.

पनवेलला अशा नोंदीची गरज मुंबईपेक्षा कमी नाही. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी थोडेच अंतर कापून शहराजवळ पोहोचते. वर डोंगरात सर कोसळली की खाली तयारीला मिळणारा वेळ फार थोडा असतो, मग शहरात तेव्हा ऊन का असेना. पुढे हे पाणी पनवेलच्या खाडीला मिळते आणि खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या वेळी नाल्यांच्या तोंडाशी पाणी तुंबते. त्यामुळे ओहोटीला सहज निचरा होणारा पाऊस भरतीला पूर आणू शकतो.

त्यात जमिनीचे रूप बदलले आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला ६० मिमी वेगाने पाऊस पडला, तर तासाभरात सहा कोटी लिटर पाणी पडते. शेत किंवा माळरान असेल, तर त्यातले साधारण तीस टक्के वाहून जाईल असे धरू. तिथे इमारती, डांबर आणि काँक्रीट आले की हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर जाऊ शकते. नाल्याची रुंदी तीच, पण त्यात सेकंदाला पाच हजारांऐवजी तेरा हजार लिटर पाणी येणार. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा सारा विस्तार गेल्या काही दशकांतला आहे, हे लक्षात घेतले की या हिशेबाचे गांभीर्य कळते.

तीव्रता मोजणारे यंत्र गुंतागुंतीचे नाही. नरसाळ्याखाली झुल्यासारख्या दोन लहान पळ्या असतात. एक ठरावीक पाण्याने भरली की कलते, रिकामी होते आणि दुसरी पुढे येते. प्रत्येक झुकाव वेळेसह नोंदला जातो. पण यंत्र झाडाखाली किंवा उंच भिंतीच्या आडोशाला बसवले, नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर आकडा चुकतो. ऐन मुसळधार पावसात पळ्या मागे पडून कमी पाऊस दाखवतात. म्हणून खरेदीइतकीच देखभाल आणि तपासणीही महत्त्वाची.

या नोंदींचा दुसरा उपयोग दीर्घकाळाचा आहे. नदीकाठची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, असा तो आहे. तीस वर्षे त्या रेषेवरील घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के, म्हणजे चारात एक. गाढीसारख्या छोट्या नदीसाठी या रेषा नेमक्या आखायच्या, तर तासा-तासाच्या पावसाची वर्षानुवर्षांची नोंद हवी. आज न घेतलेली नोंद उद्या कितीही पैसा ओतला तरी मिळत नाही.

पुराचे पाणी ओसरल्यावर लेप्टो, कावीळ आणि जुलाबाची साथ डोके वर काढते. कोणत्या वस्तीत किती तास पाणी होते, हे ठाऊक असेल तर आरोग्य पथके आणि औषधे आधी तिथे पोहोचतील.

महापालिका, सिडको, जलसंपदा आणि महसूल यंत्रणा यांनी एकत्र बसून ठरवावे असे काम मोजकेच आहे. डोंगरउतारापासून खाडीपर्यंत पर्जन्यमापक आणि नदीपातळी मोजणारी यंत्रे असावीत. त्यांचे दर पंधरा मिनिटांचे आकडे भरतीच्या वेळेसह नागरिकांना खुले असावेत. किती वेगाचा पाऊस किती वेळ टिकला की कोणत्या वस्तीला हलवायचे, हे मे महिन्यातच जाहीर व्हावे. काल किती पाऊस झाला, हे सकाळी कळून काठावरच्या माणसाला उपयोग नाही. पुढच्या तासाभरात पाणी दारात येणार का, एवढेच त्याला वेळेवर कळायला हवे.