तुपाची धार कोणाच्या पानांत?

परवां आमच्या चौथीच्या वर्गांत आम्हीं दोन प्रश्न विचारले. घरीं दुभतें जनावर कोणाकोणाच्या आहे? 23 हात वर झाले. आज सकाळीं दूध पिऊन किंवा भाकरीला तूप लावून कोण आलें? 4 हात वर झाले. बाकीचीं पोरें कोऱ्या चहावर आलीं होतीं. ज्या घरांतून रोज पांच-सात लिटर दूध डेरीला जातें, त्याच घरच्या पोराला कपभर दूध मिळूं नये, याचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे. तो आज आम्ही मांडतों.

देशांत दूध कमी आहे काय? मुळींच नाहीं. 1950-51 सालीं सगळ्या देशाचें दूध 1 कोटी 70 लाख टन होतें. 1970 पासून 1996 पर्यंत दुधाचा महापूर ही योजना चालली. 1998 सालीं आपण अमेरिकेला मागें टाकून जगांत पहिले झालों, आणि 2023-24 सालीं आंकडा 23 कोटी 93 लाख टनांवर गेला. तेव्हां माणशीं रोज सव्वाशे ग्रॅमांच्या आसपास दूध वांट्याला येई. 2023-24 सालीं 471 ग्रॅम आलें. दुधांत स्निग्धांश सरासरी शेंकडा 5 धरला, तर तेव्हां माणशीं अर्धा तोळा लोणी-तूप पडत होतें, आतां दोन तोळे पडतें. आपल्याकडे मटणाची चरबी पोटांत जाते ती सणावारीं. रोजची जनावराची स्निग्धता म्हणजे दुधाचीच. ती कागदावर जवळजवळ चौपट झाली. मग पोराच्या भाकरीवर ती कां दिसत नाहीं?

पहिलें कारण असें कीं, दूध घरांत थांबेनासें झालें. पूर्वीं गांवच्या दुधाला लांबचें गिऱ्हाईक नव्हतें. दूध नासतें, तूप टिकतें. म्हणून देशांतील निम्म्याहून अधिक दुधाचें तूपच होई. तें तूप बाजारीं वाण्याकडे जाई हें खरें. पण बेरी पोरांना मिळे आणि ताक घरीं राही. ज्याच्या दावणीला जनावर नाहीं अशा सुताराच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या घरींही ताकाची लोटी फुकट जाई. आज लोण्यासकट ताकही किटलींतून निघून जातें. डेरीनें दहा दिवसांचा रोख पैसा आणला, कित्येक घरें सावकाराच्या दारांतून सुटलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रवी थांबली, तशी ती लोटीही थांबली.

दुसरें कारण वनस्पती तूप. 1937 सालीं डालडा बाजारांत आला. तेल गोठवून तुपासारखें रवाळ करावयाचें आणि गरिबाला स्वस्तांत द्यावयाचें, असा हा उद्योग. खऱ्या तुपांत त्याची भेसळ इतकी होऊं लागली कीं, ती ओळखतां यावी म्हणून वनस्पतींत थोडें तिळाचें तेल घालण्याची सक्ती सरकारला करावी लागली. त्यांतील ट्रान्स फॅट काळजाला घातक आहे हें शास्त्रज्ञांनीं पुष्कळ आधीं सांगितलें. पण तें शेंकडा 2 च्या वर असूं नये हा नियम लागू झाला 2022 च्या जानेवारींत. गरिबाच्या पिढ्या तें खाऊन गेल्या. आतां देशाच्या खाद्यतेलांतील निम्म्याहून अधिक तेल परदेशाहून येतें. त्यांत आमच्या तेली बांधवाचा घाणाही बुडाला आणि करडई-भुईमुगाचा शेतकरीही.

तिसरें कारण फॅटचें यंत्र. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो. गाईचें दूध 3.5 च्या खालीं आलें कीं पैसे कापतात. संकरित गाईचें दूध पुष्कळ पण पातळ. 100 लिटर म्हशीच्या दुधांतून 6 किलोच्या वर स्निग्धांश निघतो, या गाईच्या दुधांतून साडेतीन-चार. तेव्हां घरांतली बाई घाबरते: पोराला कप दिला तर माप कमी भरेल, बिल कमी येईल. अशी भीति घालून घेऊन आपण पोराच्या तोंडचें दूध विकतों. 2019-21 च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालचीं शेंकडा 35 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. गादीवर बसून खाणाऱ्याला तूप बाधतें; या मुलांना तें मिळत नाहीं म्हणून बाधतें.

बंधुभगिनींनो, उपाय आपल्या हातांत आहेत. धार काढली कीं किटली भरण्याआधीं पोरांचा कप बाजूला काढा. दहा लिटर देणाऱ्या गाईपाशीं दोन मुलांचे दोन कप म्हणजे अर्ध्या लिटराहूनही कमी. विसावा हिस्सासुद्धां नाहीं. फॅट राखण्यासाठीं कास पुरती पिळा, कारण शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो; आणि नुसत्या पेंडीवर न भागवतां वैरणही पोटभर द्या. नमुना घेण्यापूर्वीं दूध खालींवर ढवळलें जातें कीं नाहीं तें उभें राहून पाहा, कारण साय वर येते. आंकडा यंत्रावर स्वतः वाचा, नुसता ऐकूं नका. शेण काढते, धार काढते ती बाई; बिल तिच्या नांवानें निघूं द्या.

ज्यांच्या घरीं जनावर नाहीं त्यांचें काय? गांवच्या दूध संस्थेनें खरेदीच्याच भावानें त्यांना लिटरभर दूध द्यावें, असा ठराव सभासदांनीं वार्षिक सभेंत करावा. कर्नाटकांत 2013 पासून शाळेंतील मुलांना दूध देण्याची योजना सुरू झाली. आपल्याकडे मतें मागावयास येतील त्यांना हाच प्रश्न विचारावा.

दूध आपलें, मेहनत आपली, मुलेंही आपलींच. शहराला दूध जरूर पाठवूं. पण पहिला कप घरांत राहिला पाहिजे. पुढच्या महिन्यांत आम्ही वर्गांत तेच दोन प्रश्न पुन्हां विचारणार आहों. तेव्हां दोन्ही वेळां सारखेच हात वर झाले, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.