बाळ पालथे पडण्याआधी त्याचे हात मोकळे करा

आपल्या वस्तीत बाळंतिणीला भेटायला गेले की बाळाआधी गाठोडे दिसते. अंगात झबले, डोक्याला कुंची, त्यावर दुपटे आणि वरून जुन्या लुगड्याचे आवळलेले कापड. बांधलेले बाळ दचकत नाही, हा आजीचा अनुभव खोटा नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत हात फेकते आणि स्वतःच्याच दचक्याने जागे होते. गुंडाळले की ते शांत राहते. तेव्हा गुंडाळणेच बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. पण कसे गुंडाळायचे आणि केव्हा थांबायचे, हे घरात ठरले पाहिजे. थांबण्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

आधी पायांचे. पाय ओढून बांधले की ते सरळ होतात, ही समजूत चुकीची आहे. तान्ह्या बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले, बेडकासारखे फाकलेलेच असायला हवेत. ते सरळ आवळून ठेवले तर खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू शकतो आणि मूल पुढे लंगडू शकते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली आणि खुबा सरकलेल्या बाळांचे प्रमाण खूप खाली आले. परंपरेने आले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आपण ते विहारातल्या भाषणात ऐकतो आणि घरी येऊन बाळाचे पाय आवळतो!

दुसरी गोष्ट जिवाची आहे. बाळ कूस बदलायला लागते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, एखादे त्याआधीही. हात बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला हातांवर जोर देऊन तोंड बाजूला करता येत नाही. नाक-तोंड अंथरुणात दबते आणि रडण्याचा आवाजही येत नाही. म्हणून कूस बदलण्याची धडपड दिसली की त्याच दिवसापासून बांधणे बंद. त्याआधी वेळ असेल तर सवय हळूहळू मोडता येते. दोन-तीन रात्री एक हात बाहेर ठेवा, मग दोन्ही. बाळ दचकेल, रडेल. छातीवर हलका हात ठेवा, थोपटा. या रात्री एकट्या आईच्या माथी मारू नयेत. बाबांनीही पाळी घ्यावी. सकाळी धुणीभांड्याच्या कामावर तिलाही जायचे असते.

मग थंडीत पांघरायचे काय? एकाच खोलीत सगळे ओळीने झोपतात आणि मोठ्यांची गोधडी रात्रीतून बाळाच्या तोंडावर सरकते. इथे झोपायची पिशवी खरोखर उपयोगाची आहे. बिनबाह्यांच्या लांब झबल्याला खालून शिवून टाका, झाली पिशवी. दुकानात ती महाग मिळते, पण सुती लुगड्याची घरी शिवता येते. गळा इतकाच ठेवा की डोके आत घसरणार नाही, खालचा घेर इतका की पाय फाकवता येतील. नाड्या, टोपी, सुटी बटणे नकोत. पिशवी घातली की वरून गोधडी नको, झोपताना कुंचीही नको. बाळाला उताणेच झोपवा, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. मोहरीची उशीही काढून ठेवा. दारू प्यायलेल्या माणसाशेजारी बाळाला कधीच झोपवू नका.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात मात्र पिशवीही नको; लंगोट आणि पातळ झबले पुरे. बाळाला उकडते का, हे तळहातांवरून कळत नाही. मान आणि छाती चाचपा. घाम असेल तर एक कपडा कमी करा.

सासूबाईंशी यावरून भांडण काढू नये. त्यांनी याच कापडात चार-चार लेकरे जगवली आहेत. त्यांनाच पिशवी शिवायला सांगा. मापे त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळतात.

तारखा लक्षात राहत नसतील तर लसीच्या कार्डावर जा. दीड महिन्याच्या डोसाला नर्सताईंना बाळाचे खुबे पाहायला सांगा. एक पाय कमी फाकत असेल किंवा आखूड वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा. अडीच महिन्यांच्या डोसाला एक हात बाहेर काढायला लागा, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या डोसाआधीच बांधायचे कापड धुऊन पेटीत गेलेले असेल.